वन्सं, शालूचा फोटो घरातच होता

वन्सं,

शालूचा फोटो घरातच होता. वरच्या मजल्यावर, तुमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, आमच्या कपाटात, तुमच्या भावाच्या जुन्या पासपोर्टच्या कव्हरात. तेहेतीस वर्षं तो हरवला असं आपण समजत होतो. तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी ह्यांनी तो माझ्या हातात ठेवला. हे तुम्हाला कसं सांगायचं ते मला कळत नाही. तुम्ही समोर असतात तर सांगू शकले असते का, तेही कळत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तेराव्याला आलेली माणसं एकच बोलत होती. नणंद-भावजय असून जन्मभर एका चुलीवर राहिल्या आणि कधी भांडल्या नाहीत म्हणे. मी नुसती मान हलवत होते. आपण किती भांडलो ते त्यांना काय ठाऊक! आमटीत आमसुलं किती टाकायची यावरून भांडलो, महेशला बाइक घेऊन द्यायची की नाही यावरून भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून तर रोजच. तुम्ही दोन दोन दिवस माझ्याशी बोलत नसायचात आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक यायची, "सुमन, चा गाळलाय गो, थंड होईल." की संपलं भांडण. पण ज्या गोष्टीवरून भांडायला हवं होतं, तिच्यावरून आपण एकदाही भांडलो नाही. तुम्ही भांडू दिलं नाहीत, आणि मला ते बरंच वाटत राहिलं.

तो कॅमेरा ह्यांनी आखातातून सुट्टीवर येताना आणला तेव्हा आपण अजून गावातच राहत होतो, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. महेश अकरा महिन्यांचा होता. त्याचं तोंड ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चौकोनी, काळा, हातात धरला तर विटेसारखा जड कॅमेरा. बटण दाबलं की घर्रर्र आवाज व्हायचा आणि त्याच्या तोंडातून पांढऱ्या कडेचा फोटो बाहेर यायचा. आधी नुसता करडा कागद, मग हळूहळू त्यात माणसं उमटायची. शालू त्याला "जीभ काढणारा कॅमेरा" म्हणायची. कॅमेऱ्याने जीभ काढली की तीही काढून दाखवायची.

माझा हात थरथरायचा म्हणून ह्यांनी कॅमेरा तुम्हाला शिकवला. तुम्ही तेव्हा तिशीच्या जरा पुढे असाल. शालूचे वडील कशेडीच्या घाटात ट्रकबरोबर दरीत गेले त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तुम्ही दोन वर्षांच्या शालूला घेऊन माहेरी होतात. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून तुम्हाला मोकळेपणी हसताना मी पाहिलं नव्हतं. पहिला फोटो काढलात तो गोठ्यातल्या म्हशीचा. म्हशीचं डोकं कापलं गेलं होतं, नुसतं पोट आणि शेपूट आली होती. तो फोटो बघून तुम्ही पडवीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. शालू घाबरून माझ्याकडे आली, "मामी, आई का रडते?"

हे परत गेले. कॅमेरा आणि थोडी फिल्म आपल्याकडे ठेवून गेले. पत्रातून फोटो पाठवत जा, म्हणून सांगून गेले. आणि मग आषाढाच्या आधीच्या त्या दुपारी तुम्ही तो फोटो काढलात. अंगणात शालू बसलेली, मामाने आणलेला नारिंगी फ्रॉक घालून, मांडीवर महेश. तिचा पुढचा दात पडलेला. महेशने तिची वेणी ओढली आणि ती खदखदून हसली, आणि नेमकं तेव्हा तुम्ही बटण दाबलंत. फोटोला ऊन लागू नये म्हणून तुम्ही तो पदराखाली धरलात आणि शालू पदरात डोकं घालून "आलं का? आलं का?" करत राहिली.

त्या फोटोंना निगेटिव्ह नसते. स्टुडिओत जाऊन दुसरी प्रत काढून आणता येत नाही. एकदा निघाला की तो तेवढाच. हे आपल्याला दोघींनाही माहीत होतं.

आठ दिवसांनी मी तो पत्रात घालून ह्यांना पाठवून दिला. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही शोधायला लागलात तेव्हा सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण शालूच विचारत राहिली, "माझा फोटो कुठं गेला?" मी म्हटलं, "मामाकडं गेला. विमानातून." तर ती गावभर सांगत सुटली की मी विमानात बसले.

लावणीच्या दिवसांत तिला ताप आला. दोन दिवस आपण काढे दिले, तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, चौथ्या दिवशी जीप करून महाडला. तिथून परत येताना ती तुमच्या मांडीवर होती आणि तुम्ही तिच्या अंगावरची चादर सारखी करत होतात. प्रत्येक वळणाला चादर सरकायची आणि तुम्ही ती पुन्हा सारखी करायचात. मी पुढच्या सीटवर महेशला घेऊन बसले होते. मागे वळून बघायची हिंमत मला झाली नाही.

महिन्याभराने तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तो फोटो मागव." मी त्याच दिवशी पत्र टाकलं. ह्यांचं उत्तर आलं की पोस्टात गहाळ होईल, मी स्वतःच घेऊन येतो. ह्यांना यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत तुम्ही फोटोचं नाव काढलं नाहीत. पण हे येणार त्या दिवशी तुम्ही सकाळपासून नवं लुगडं नेसून बसला होतात.

बॅगा उघडल्या. साबण निघाले, कापड निघालं, खजूर निघाला. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. हे मान खाली घालून बॅगेतच हात घालत राहिले आणि वर न बघता म्हणाले, "आक्का, खोली बदलली तवा तो फोटो हरवला."

तुम्ही म्हणालात, "एकच होता."

मग तुम्ही म्हणालात, "हातपाय धू. जेवायला वाढते."

तेवढंच. तो हरवल्याचं कळल्यावर आयुष्यभरात त्याबद्दल तुम्ही उच्चारलेले दोनच शब्द. मी चुलीपाशी उभी होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

पुढच्या वेळेपासून तुम्ही एक नियम केलात. प्रत्येक फोटो दोनदा काढायचा. एक ह्यांना पाठवायचा, एक घरात राहणार. फिल्म इकडे मिळायची नाही, हे पाठवतील तेवढीच. तरी दोनदाच. महेश पहिल्यांदा शाळेत चालला, त्याचे दोन. महेशच्या हाताला प्लास्टर, त्याचे दोन. मागेपुढे काढलेले असल्यामुळे दोन्हींत थोडा फरक असायचा. एकात त्याचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात उघडे. आणि उघड्या डोळ्यांचा फोटो तुम्ही नेहमी तुमच्या भावाला पाठवलात. मी एकदा म्हटलंही, "वन्सं, चांगला आपण ठेवू की." तुम्ही म्हणालात, "आपल्याला पोरगं समोर हाय. त्याच्याकडं नुसता कागदच हाय."

स्वतःची पोर गेल्यावर दुसरीच्या पोराचे असे फोटो तुम्ही कसे काढत राहिलात, हे मला आजही समजत नाही. मला महाडच्या शाळेत ऑफिसात नोकरी लागली, आपण महाडला बिऱ्हाड केलं, मग ह्यांनी घर बांधलं. मी सकाळी साडेनऊला बाहेर पडायचे. महेशला भरवलं तुम्ही, शाळेत सोडलं तुम्ही, त्याची गोवर काढलीत तुम्ही. पालकसभेला बाईंनी तुम्हालाच त्याची आई समजून सगळं सांगितलं आणि तुम्ही ते दुरुस्त केलं नाहीत. त्या वेळी मला राग आला होता. हेही तुम्हाला कधी बोलले नाही.

हे कायमचे परत आले तेव्हा त्यांच्याकडचे सगळे फोटो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून घेऊन आले. आपल्याकडचे फोटो तुम्ही त्याच डब्यात घातलेत. मिटल्या डोळ्यांचा महेश आणि उघड्या डोळ्यांचा महेश अशा जोड्या लावत तुम्ही चार दिवस जमिनीवर बसला होतात. त्या जोड्यांत शालू कुठेच नव्हती. तिच्या वेळी आपला नियम नव्हता.

मग पूर आला तो. सावित्रीचं पाणी आपल्या खालच्या मजल्यात छताला टेकलं. आपण वरच्या मजल्यावर दोन दिवस चुरमुरे खाऊन काढले. डबा खालच्या कपाटात राहिला होता. पाणी उतरल्यावर सगळे चिखल उपसत होते, आणि तुम्ही साठी उलटलेली बाई त्या चिखलात गुडघाभर उभ्या राहून कपाटाचं दार ओढत होतात. एकेक फोटो तुम्ही ताटातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून बोटाने पुसलात आणि गच्चीत वर्तमानपत्रांवर वाळत घातलात. काही वाचले. काहींच्या कडेतून पाणी आत शिरलं होतं आणि रंग शेवाळ धरल्यासारखा फुटत गेला होता.

त्या गच्चीवरच तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "सुमन, हे कॉम्पुटरात घाल गो."

मी म्हटलं, "घालू सवडीने."

मग घराची साफसफाई होती. मग माझी निवृत्ती. मग गुडघा. महेशने स्कॅनर आणून टेबलावर ठेवला, तो दीड वर्ष प्लास्टिकच्या कव्हरात राहिला. एमआयडीसीतून पाळी संपवून आला की तो विचारायचा, "आई, लावून देऊ का?" आणि मी म्हणायचे, रविवारी. तुम्ही मागे लागायचात आणि मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट आहे. एकदा तर मी चिडून म्हणाले, "वन्सं, फोटो कुठे पळून चाललेत का?"

पळून तुमची नजर चालली होती. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं. यंदा संक्रांतीच्या सुमारास तुम्ही डबा घेऊन खिडकीत बसला होतात. एक फोटो नाकाला टेकवून बघत होतात. मला म्हणालात, "ह्यातलं मला काय दिसत नाय आता. कोण हाय ह्यात?" तो महेशच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो होता. त्या दिवशी मला कळलं की तुम्हाला फोटो कॉम्प्युटरमध्ये का हवे होते. मोठे दिसतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कव्हर काढलं.

त्या अडीच महिन्यांबद्दल मी देवाचे किती आभार मानू. सकाळी स्वयंपाक उरकला की आपण दोघी टेबलाशी. फोटोचा चकचकीत भाग काचेला चिकटतो आणि स्कॅनमध्ये पाण्यावरच्या तेलासारखी वर्तुळं येतात, हे आपल्याला पहिल्या चार फोटोंनंतर समजलं. उपाय तुम्हीच काढलात. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापली, त्यात फोटो बसवला, म्हणजे तो काचेपासून केसभर वर राहतो. पुठ्ठ्यावरचा सोनेरी गणपती तेवढा प्रत्येक स्कॅनच्या कोपऱ्यात डोकवायचा, तो मला नंतर कापून काढावा लागायचा. "राहूदे गो, शुभ असतो," असं तुम्ही म्हणायचात.

मी फायलींना नुसते आकडे देत होते. तुम्हाला ते पसंत पडलं नाही. "आकड्यावरनं काय कळणार? लिही, महेश रडतोय, कोंबडी पळाली." मी तसंच लिहिलं. 'आयेच्या हातात फणस, फणस शेजारच्यांचा.' 'सुमन रुसली आहे.' तो फोटो मला आठवतच नव्हता. पडद्यावर मोठा केला तर खरंच मी रुसलेली होते. कशावरून ते तुम्हाला लख्ख आठवत होतं. तुम्ही हसत सांगत होतात, आणि स्क्रीनला नाक टेकेल इतक्या जवळ बसून माझा चाळीस वर्षांपूर्वीचा नसेल पण पस्तीस वर्षांपूर्वीचा चेहरा बोटाने चाचपत होतात.

आणि तो तुमच्या आयेचा, सासूबाईंचा फोटो. इतकी वर्षं भिंतीवर उन्हात राहून पिवळा पडलेला, आत नुसता पदराचा आकार उरलेला. महेशने मला दाखवलं होतं की उडालेला रंग पडद्यावरची पट्टी सरकवून थोडा परत आणता येतो. मी पट्टी सरकवत गेले. आधी कपाळ आलं, मग कुंकू, मग नथ. तुम्ही एकदम उभ्या राहिलात. "आयेची नथ! आयेची नथ दिसली गो!" आणि पडद्याला हात लावून रडायला लागलात. तुमच्या रडण्याने हे बाहेरून आले आणि दारात थांबले. बराच वेळ पडद्याकडे बघत उभे होते. मग तसेच निघून गेले. मला वाटलं, आईला बघून त्यांनाही भरून आलं असेल.

त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्हाला धाप लागली. दवाखान्यात तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचे केस विंचरले. तुम्ही विचारलंत, "किती राहिले?" मी म्हटलं, "चाळीसेक असतील. घरी आलात की करू." तुम्ही म्हणालात, "तू कर. मी सांगते." तास-दीड तासात तुम्ही गेलात.

नवव्या दिवशी दुपारी हे माझ्याजवळ आले. पासपोर्टचं कव्हर हातात होतं. त्यातून त्यांनी एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. पांढरी कड, आणि आत पांढराच चौकोन. एका बाजूला जरा मळकट. मी विचारलं, "हे काय?"

"शालू हाय ती," हे म्हणाले.

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग त्यांनी सांगितलं. कामगारांच्या कॅम्पातली आठ जणांची खोली. त्यांची खाट खिडकीखाली. फोटो आला तेव्हा त्यांनी तो खाटेच्या वर भिंतीला लावला. महिन्या-दीड महिन्यात शालू गेल्याचं पत्र पोचलं, तेव्हा काढून पेटीत ठेवावा असं मनात आलं, पण काढवेना. म्हणाले, "पोरगी डोळ्यासमोर राहूदे म्हटलं. तिकडचं ऊन तुला म्हाईत नाय. रोज खिडकीतनं थेट त्याच्यावर पडायचं. मी रोज बगत होतो ना, म्हणून मला कळलंच नाय तो उडतोय ते. सुट्टीवर यायला म्हणून उतरवला, हातात घेतला, तवा कळलं. त्यात काय नव्हतंच."

"मग हरवला का म्हणालात?"

"हरवला म्हटल्यावर आक्का मला शिव्या घालेल, मी ऐकून घेईन, असं वाटलं. हा पांढरा कागद तिच्या हातात कसा देऊ? ही बग तुझी शालू, म्हणून?"

"आणि त्या दिवशी? सासूबाईंची नथ तुम्ही दारातून पाहिलीत. तेव्हा का नाही दिलात?"

ह्यांनी पासपोर्टचं रिकामं कव्हर मिटलं. मग म्हणाले, "रोज सकाळी कपाटाशी जात होतो. तेहेतीस वर्सं खोटं बोललो ते सांगावं लागलं असतं ना. उद्या देतो, उद्या देतो, करत राहिलो."

वन्सं, मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही असतात तर मला गप्प केलं असतंत. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग मला गच्चीवरचं आपलं बोलणं आठवलं. मीसुद्धा 'सवडीने' म्हणत चार वर्षं घालवली होती. मी वेळेवर काम सुरू केलं असतं, तर ह्यांनी ती नथ चार वर्षांपूर्वी पाहिली असती, आणि चार वर्षांत त्यांना एखाद्या तरी सकाळी हिंमत झाली असती. तुमची नजरही तेव्हा शाबूत होती. त्यांच्यावर ओरडायचा हक्क मला कुठून आला?

तिसऱ्या दिवशी मी फोटो पुठ्ठ्यात बसवला आणि काच पुसली. हे शेजारी बसले. महेश मागे उभा होता.

पट्टी सरकवायला लागल्यावर आधी नुसते डाग आले. मग जे मुळात काळं होतं ते हळूहळू वर आलं. दोन वेण्या. एक वेणी ताठ ओढलेली, आणि ती धरणारी महेशची मूठ. फ्रॉकचा घेर, रंग नाही, नुसती कड. महेशच्या पोटाभोवती तिचा हात, पाची बोटं मोजता आली. कपाळाखाली डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. नाक, तोंड, पडलेला दात, त्यातलं काही नाही. तिथे उजेडच उजेड. मी पट्टी शेवटपर्यंत नेली, परत आणली. तेवढंच.

महेशला राहवलं नाही. तो म्हणाला, फोनमध्ये असं एक ॲप आहे, त्याला जुना फोटो दिला की ते चेहरा पुरा करून देतं. मी हो म्हटलं. मिनिटभरात पडद्यावर एक मुलगी आली. गोरी, गोड, सगळे दात असलेली. हसरी. मला रडू फुटलं, मी म्हटलं, "शालूच आहे हो! बघा, शालूच आहे."

ह्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "ही शालू नाय."

"अहो, नीट बघा."

"दोन वर्सं मी रोज बगितलीय तिला, सुमन. ही ती नाय. पूस ते."

महेशने पुसून टाकलं. आणि मी तिथे बसल्या जागी गार पडले. कारण ती शालू आहे की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. जिला मी अंघोळ घातली, जिच्या वेण्या घातल्या, जिला मी 'मामी, मामी' करत माझ्यामागे फिरताना पाहिलं, तिचं तोंड मला आठवत नाही, वन्सं. कुठलीही गोड पोर माझ्यापुढे ठेवली असती तर मी शालू म्हणून रडले असते. ह्यांना आठवतं, पण ह्यांना ते सांगता येत नाही, नुसतं 'ही नाय' एवढं सांगता येतं. ज्यांना सांगता आलं असतं त्या तुम्ही गेलात. तुमच्याबरोबर तिचं तोंडही गेलं. आता ती या जगातून पुरी गेली, असं मला त्या दुपारी वाटलं, आणि अजून वाटतं.

उरलेले फोटो मी गेल्या आठवड्यात संपवले. त्यातल्या कितीतरी जणांना मी ओळखलं नाही. त्यांना आकडेच राहिले. वेण्यांचा तो फोटो ह्यांनी महाडच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. फोटो घेताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, यात चेहरा नाही आला, पुन्हा काढून देऊ का?" हे म्हणाले, "नको, बरोबर हाय." घरी आणून त्यांनी तो तुमच्या खोलीत लावला. खिडकीसमोरच्या भिंतीवर नाही, आतल्या बाजूला, जिथे ऊन येत नाही. रोज सकाळी ते तिथे जाऊन उभे राहतात. आत ते काय बोलतात ते मी ऐकायला जात नाही.

ह्यांनी त्यांचं सांगून टाकलं. माझं राहिलंय.

तुम्ही आणि सगळेच असं समजत आलात की फोटो पाठवला त्या दिवशी पोस्टात जायला मला एस.टी.ची घाई होती, तुम्ही विहिरीवर गेला होतात, म्हणून तुम्हाला विचारायचं राहून गेलं. मीच तसं सांगितलं होतं. पण एस.टी.ला अजून तासभर होता. विहीर आपल्या दारातून दिसायची. तुम्ही वाकून कळशी भरत होतात, मी तुम्हाला बघत होते, आणि पाकीट माझ्या हातात उघडं होतं. त्या फोटोत महेश जितका गोजिरा आला होता तितका आधी कधीच आला नव्हता. ह्यांनी तो बघावा, असं मला फार वाटत होतं. माझ्या लेखी तो महेशचा फोटो होता. शालू त्यात होती, एवढंच.

मी हाक मारली असती तर तुम्ही वर बघितलं असतंत आणि म्हणाला असतात, "हा नको गो पाठवू, दुसरा काढू." तुम्ही असंच म्हणाल हे मला पक्कं ठाऊक होतं, वन्सं. म्हणून मी तुम्हाला विचारलं नाही.